खोडलेले सात आकडे

"अठ्ठावीस वर्षांत आमच्या धायगुड्यांचा हात एकदाही हलला नाही!" निरोप समारंभात विभागप्रमुख माइकवर म्हणाले आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. प्रयोगशाळा सहायक धायगुडे अंगावरची शाल सावरत उभे राहिले.

अकरा वर्षांपूर्वी याच सरांनी केसाहून हजारपट बारीक पट्टी किती वाकेल, याचं समीकरण मांडलं होतं. धायगुड्यांनी श्वास रोखून सूक्ष्मदर्शकाखाली ती सात वेळा दाबून पाहिली. सातही वेळा ती निम्मीच वाकली. "समीकरण कसं चुकेल? तुमचाच हात हलला," असं म्हणत सरांनी वहीतले सातही आकडे लाल पेनाने खोडून टाकले.

गेल्या वर्षी परदेशातल्या एका मुलीने नेमके तेच आकडे छापले. तिचं जगभर नाव झालं. आता सर तिचे गोडवे गात तेच वर्गात शिकवतात.

नारळ घेताना धायगुडे हळूच म्हणाले, "सर, मग माझे ते सात आकडे?"

सरांचं हसू तसूभरही ढळलं नाही. "तेव्हा तुम्ही जरा ठाम राहायला हवं होतंत," ते पुटपुटले. "समोर बघा बरं, फोटो काढतायत."