वैजूच्या कपाळावरचा पट्टा

कबड्डीच्या अंतिम सामन्याला पाच मिनिटं उरली होती आणि बाकावर बसलेल्या वैजूचं डोकं ठणकत होतं. साखळी सामन्यात तिनं आजच्याच प्रतिस्पर्धी संघातल्या शमाला थेट डोक्यावर धडक दिली होती. तेव्हापासून तिच्या कपाळावर शिक्षेचा पट्टा होता. शमाला दुखेल तेवढंच वैजूला दुखणार, आणि शमा बरी झाली की वैजू सुटणार; तोवर खेळायचं नाही. याहून न्यायाची शिक्षा कोणती, असं वैजूलाही वाटलं होतं.

"अजून दुखतं का गं?" डॉक्टरांनी शमाला विचारलं.

"छे! ठणठणीत आहे मी."

नियमानं शमाचाच शब्द शेवटचा. डॉक्टर वैजूकडे वळले. "सुटलीस. काढ पट्टा आणि उतर खेळायला."

वैजूनं पट्ट्याला हात घातला. तेवढ्यात शमानं रिवाजाप्रमाणे वाकून मॅटला हात लावला आणि तो कपाळाला टेकवला. वैजूच्या डोळ्यांपुढे काजवे चमकले.

शमानं तिच्याकडे पाहत हळूच नकारार्थी मान हलवली.

बोललं तर शमाला अंतिम सामना खेळू देणार नाहीत; न बोललं तर त्याच डोक्यावर पुन्हा धडक बसणार. आधी डोकं फोडलं आणि आता डाव साधला, असंच लोक म्हणणार.

वैजूनं पट्टा पुन्हा घट्ट केला.

"डॉक्टर," ती म्हणाली, "माझी शिक्षा अजून संपलेली नाही."