शिंप्याच्या घरचं माप

निळा झगा आजही घट्टच बसला. तिने श्वास आत ओढला, पोट आवळलं, तेव्हा कुठे शेवटचं बटण काजात शिरलं. कंबरेशी कापड असं बिलगलं होतं, जणू कुणी दोन्ही हातांनी धरून ठेवलंय. भिंतीवरचा आरसा लहान. त्यात नुसतं तोंड दिसायचं. "बघितलंस? एवढं करून काडीचा फरक नाही," ती आरशातल्या तोंडाला म्हणाली. त्या तोंडाच्या डोळ्यांखाली खड्डे पडले होते.

सुरुवात चांगली झाली होती. बेकरीच्या काउंटरमागे उभ्या उभ्या केकच्या कडा नि बिस्किटांचा चुरा तोंडात टाकायची तिला जुनी सवय. गुडघे कुरकुरायला लागले, रक्तात साखर वाढली, तेव्हा डॉक्टरीणबाईंनी शेजारी बसवून समजावलं. अर्धं ताट भाज्यांचं, उरलेल्या अर्ध्यात बाकी सगळं. वेळेवर जेवण, गोड कधीमधी, संध्याकाळी पायी फेरी. उपाशी मात्र राहायचं नाही, हे पुन्हा पुन्हा बजावलं, आणि अधूनमधून वजन करून जायला सांगितलं. तिने मान डोलावली, पण वजनकाट्याची तिला लाज वाटायची. शिवाय ती शिंप्याची बायको. नवरा पुढच्या खोलीतच मशीन मांडून बसलेला. शिंप्याच्या घरात काटा कशाला, कपडाच सांगेल की, असं तिने मनाशी ठरवून टाकलं, आणि नवऱ्याला यातलं काहीच सांगितलं नाही.

आणि कपड्याने सांगितलंही. झोप लागू लागली, गुडघे गप्प झाले, झगा बोटभर सैल झाला. मग एका सकाळी तो पुन्हा अंगाला चिकटला. तिने रात्रीचं जेवण निम्मं केलं. झगा सैल झाला, पुन्हा घट्ट झाला. तिने रात्रीचं जेवण सोडलं, मग सकाळचंही. हिरवा झगा घट्ट, करडा घट्ट, थंडीतला कोटसुद्धा घट्ट. कपाटात लटकलेले कपडे जणू तिच्यावर पाळत ठेवून होते. ती एक पाऊल आत सरली की तेही अंधारात एक पाऊल सरत.

बाहेरचं जग मात्र उलटंच बोलायचं. भट्टीवाला म्हणाला, वहिनी, पंख्याखाली उभ्या राहू नका, उडून जाल. टोमणा समजून ती दिवसभर त्याच्याशी बोलली नाही. अंगठी साबणाच्या पाण्यात गळून पडली. बोटं काय, कुणाचीही वाळतात. बेकरीतल्या एप्रनचे बंद कंबरेला दोन वेढे घेऊ लागले. शिवणाऱ्याने लांब ठेवले असतील. संध्याकाळी घरी परतताना भिंतीभिंतीवरून एक सावली तिच्यासोबत चालायची, काडीसारखी. दुसऱ्या कुणाची तरी चुकून आपल्या पायाला लागलीय, असं तिला वाटायचं. भूक तर आता छळतही नव्हती. आधी ती दार ठोठावायची, मग उंबऱ्यावर बसून गुणगुणायची, मग एके दिवशी तीही उठून गेली.

नवरा यावर एक शब्द बोलायचा नाही. पूर्वी जेवायला बसला की गिऱ्हाइकांच्या नकला करून हसवणारा माणूस. हल्ली तिने ताट बाजूला सारलं की नुसता बघायचा, मग मान खाली घालायचा. आपण त्याला नकोशा झालोय, असं ती धरून चालली होती. झगा एकदा सैल होऊ दे, मग बघेल तो आपल्याकडे पहिल्यासारखा.

निळा झगा घातला त्याच दुपारी बेकरीतला काउंटर तिच्या डोळ्यांदेखत लांब लांब जाऊ लागला. डोळे उघडले तेव्हा मालकीणबाई तिच्या तोंडावर पाणी शिंपडत होत्या. त्यांनी कपभर दूध पाजलं, नवऱ्याला बोलवू का विचारलं. ती नको म्हणाली आणि भिंती धरत धरत घरी आली.

दार नुसतं लोटलेलं होतं. आतून मशीनचा आवाज येत होता, हळू, थांबत थांबत, कुणी चोरपावलांनी चालावं तसा. नवरा पाठमोरा बसला होता. सुईखाली तिचा हिरवा झगा होता, उलटा केलेला. कंबरेची शिवण उसवून तो ती आणखी आत घेत होता. टाका इतका बारीक, की जुनी शिवण कुठली नि नवी कुठली ते उमगू नये. बाजूच्या स्टुलावर करडा झगा आणि कोट आपल्या पाळीची वाट बघत बसले होते.

इतके दिवस जे तिला आवळत होतं त्याला हात होते, आणि ते हेच हात होते.

"माझा एवढा कंटाळा आला तुम्हाला?" तिने विचारलं.

त्याने मशीनच्या चाकावर हात ठेवून ते थांबवलं. वळला तेव्हा चेहरा ओला होता. मग अडखळत अडखळत त्याने सांगितलं. त्याची थोरली बहीण अशीच वाळत गेली होती. दुखणं काय आहे, ते घरच्यांनी तिला कळू दिलं नव्हतं. पण एका सकाळी झगा तिच्या अंगावर पिशवीसारखा लोंबला. तिने तो मुठीत धरून पाहिला, आणि त्या दिवशी अंथरूण धरलं ते धरलंच. आता बायकोचा झगा सैल पडला, तेव्हाच तेच दुखणं आपल्या घरात शिरलं अशी त्याला धास्ती बसली; मग तिचं अन्न तुटलं, गाल बसले, तेव्हा खात्रीच झाली. उद्या डॉक्टरीणबाईंकडे नेऊ, उद्या नक्की नेऊ, असं रोज ठरवायचा; पण त्या काय सांगतील ते ऐकायची छाती होत नव्हती. हातात सुई होती, तेवढं तो करत राहिला.

"कपडे अंगाबरोबर बसले, तर तुला कळणार नाही असं वाटलं," तो म्हणाला. "धीर सुटला नाही, तर जेवशील तरी दोन घास."

ती तिथेच खाली बसली. बराच वेळ तिला हसू येतंय की रडू, ते तिचं तिलाच कळेना.

"अहो," ती म्हणाली, "कपडे सैल होईपर्यंत जेवायचं नाही, म्हणून तर बसले होते मी."