मीठ कमी

गोपिकाबाईंनी पहिला घास घेतला, बराच वेळ तोंडात घोळवला आणि पाण्याबरोबर गिळून टाकला. मग हातातला तुकडा ताटलीत ठेवून त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं.

"यायनं मीठच नाही टाकलं."

रुपरावांनी आपल्या तुकड्याचा घास तोडला. मीठ होतं. चीज होतं, मक्याचे दाणे होते, भाजलेल्या कडेचा खमंग वासही होता. मे महिन्यात खाल्ला होता, हुबेहूब तोच पिझ्झा. दुकानही तेच, वर्धा रोडवरचं.

मे महिन्यात दोघं इथं शिरली होती ती दवाखान्यातून निघाल्यावर, उन्हातून जरा सुटका म्हणून. दुसऱ्या दिवसापासून गोपिकाबाईंच्या गालाला रेडिएशनचे शेक सुरू व्हायचे होते. साठ वर्षांत पिझ्झा त्यांनी त्या दिवशी पहिल्यांदा खाल्ला. आठातले पाच तुकडे एकटीनं संपवले, बोटं चाटली आणि म्हणाल्या, "शेक झाले का मले पुन्हा इथंच आणजा."

तेहतीस शेक झाले. मग तोंड आलं. दोन महिने पेज आणि दुधावर काढले. काटोलच्या घरी वरणभात सुरू झाला तशी सुनेशी रोजची कटकट सुरू झाली. वंदना मीठ टाकत नाही, वंदनाच्या हाताची चव गेली. वंदना डोळे पुसत वरणात आणखी मीठ टाकायची. बाकीच्यांना ते खारट लागायचं, पण ताटावर कोणी काही बोलत नसे.

आज सकाळी डॉक्टरांनी बॅटरी लावून तोंड तपासलं. जखमा भरल्या, आता सगळं खा, म्हणाले. चवीचं मात्र सांगता येत नाही. सहा महिने लागतील, वर्ष लागेल, काहींची पुरती येतच नाही. डॉक्टर हे बोलत होते तेव्हा गोपिकाबाई पिशवीत फाइल कोंबत होत्या. त्यांनी ते ऐकलं की नाही, रुपरावांना कळलं नव्हतं. विचारायचा धीर झाला नव्हता.

"काहून बोलून नाही राहिले तुम्ही? लागते का मीठ?"

रुपरावांनी घास गिळला. "नाही ना. पार अळणी आहे."

"मी म्हणलंच." गोपिकाबाईंचा चेहरा सैल झाला. "त्या टायमाले कसा होता! दुकान चाललं का मंग असंच करतेत हे लोक."

"थांब. मी पाहतो त्यायले."

रुपराव उठले. संत्र्याच्या बाजारात दलालाशीही आवाज चढवून न बोललेला माणूस. काउंटरवर जाऊन त्यांनी हात आपटला आणि टेबलापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "हे काय देऊन राहिले तुम्ही? ना मीठ, ना चव! काटोलवरून येते माणूस एवढ्या आशेनं!"

लोकांनी माना वळवल्या. गोपिकाबाईंनी पदर सावरला आणि ताठ बसल्या.

काउंटरवर मॅनेजर बाई होती. तिशीची, छातीवर 'खुशी' अशी पट्टी. "सॉरी काका, कोणता होता?" म्हणत तिनं टेबलाकडे पाहिलं. गोपिकाबाईंच्या मानेची एक बाजू शेकांनी काळवंडलेली होती. पुढ्यात पाण्याचे दोन ग्लास रिकामे होते.

रुपरावांनी आवाज एकदम खाली आणला. "मीठ बरोबर आहे, बाई. तुह्या माणसायची काही चूक नाही. तू फक्त दुसरा देते म्हण. बिल दोन्हीचं लाव."

तिनंही आवाज खाली आणला. "काकूंचे शेक झाले का?"

त्यांनी मान हलवली.

"चुकलंच आमचं, काकू!" ती टेबलाकडे तोंड करून मोठ्यानं म्हणाली. "दुसरा बनवून देते, मी स्वतः."

वीस मिनिटांनी तिनं रुपरावांना काउंटरवर बोलावलं आणि ट्रे त्यांच्या हातात दिला. "पाव नरम ठेवला, काका. सॉस जास्त आहे, म्हणजे गिळाले सोपं जाईल. आणि तिखट काहीच नाही टाकलं. मिरीसुद्धा नाही. तोंड कच्चं असते ना, झोंबते."

रुपराव ट्रे घेऊन आले. गोपिकाबाईंनी एक तुकडा उचलला, फुंकर मारली, खाल्ला. पाणी प्यायल्या. पुन्हा घास घेतला, पुन्हा पाणी. तो तुकडा संपला तसा त्यांनी दुसरा उचलला.

"आता कसा?" रुपरावांनी विचारलं.

"आता जमला."

"चव लागली?"

"मंग! लागली ना." त्या खिडकीबाहेर मेट्रोच्या खांबांकडे बघत होत्या.

"कशाची?"

रुपरावांना हे विचारायचं नव्हतं. तोंडातून निघून गेलं.

गोपिकाबाई चावता चावता थांबल्या. त्यांनी हातातल्या तुकड्याकडे पाहिलं, उलटा करून खालूनही पाहिला. शेजारच्या टेबलावर कोणाचा तरी वाढदिवस होता, टाळ्या वाजत होत्या. टाळ्या संपल्या.

"तिखट," त्या म्हणाल्या. "चांगला झणझणीत तिखट आहे."

रुपरावांनी एक तुकडा उचलला, चावून गिळला.

"हो ना वं," ते म्हणाले, "मलेही झोंबला." आणि त्यांनी पाण्याचा ग्लास उचलून एका दमात रिकामा केला.