बंदरावरचे दोन इंच

जमीन कधी खोटं बोलत नाही, असं बंदराच्या कामावरचे इंजिनिअर हरिहरसाहेब म्हणत. साहेब सव्वीस वर्षांचे असल्यामुळे त्यांना तसं वाटणं शक्य होतं. बंदरावरचा पहारेकरी रावजी मात्र आज सकाळीच जमिनीच्या वतीनं थोडं खोटं बोलून आला होता.

रत्नागिरीच्या बंदरात समुद्र बुजवून गोदामासाठी जागा केली होती. खाली चिखल, दह्यासारखा. म्हणून वर लाल मुरुमाचा डोंगर रचला होता. त्याच्या भारानं चिखलातलं पाणी निघायचं आणि जमीन खचायची. खचायची थांबली की डोंगर उचलायचा, गोदाम बांधायचं आणि साहेबांची बदली. किती खचली ते डोंगरातून डोकं काढून उभ्या असलेल्या लोखंडी नळीवरून कळे. नळीचा पाय तळाच्या चिखलावर टेकलेला. जमीन जाईल तशी तीही खाली.

तीन आठवडे नळी केसभर हलली नव्हती. आजही हलली नाही तर काम संपलं. रावजीच्या बायकोनं, तुळसानं, काल बांगडे तळता तळता एवढंच विचारलं होतं, "मंग ह्या पोराला तिकडं बांगडा कोण देईल?" साहेबांच्या पुण्याच्या घरी मासळीचं नावही घेत नसत; इथं ते रोज तुळसाच्या हातचं जेवत.

आज पहाटे रावजीनं करवत काढली. नळी वरून अर्धा इंच कापणं चिकटपणाचं वाटलं, म्हणून दोन कापले.

साहेबांनी मोजणीच्या दुर्बिणीतून नळीकडे पाहिलं. डोळा पुसला. पुन्हा पाहिलं. मग डोंगर चढून गेले आणि नळीच्या चकचकीत तोंडावरून बोट फिरवलं. बोटाला लोखंडाचा भुसा लागला.

"रावजीकाका, जमीन पायाकडून खचते. ही डोक्याकडून खचलीय."

"भरती मोठी व्हती, सायेब."

"भरतीला दात असतात?"

"तुमी गेलाव की घरची दोन दिस जेवाची नाय," रावजी म्हणाला. "माजं सोडा. मी जेवेन."

साहेब तिथंच मुरुमावर बसले. वहीत लिहिलं : 'नळी वरून दोन इंच कापली गेली. जमीन स्थिर.' कुणी कापली, याला वहीत रकाना नव्हता.

मग त्यांनी खिशातून घडी केलेला कागद काढला. बदलीचा हुकूम कालच्या टपालानंच आला होता.

रावजीनं कागदाला हात लावला नाही. "लांब?" त्यानं विचारलं.

"मिरजोळे."

मिरजोळे बंदरापासून सायकलीनं अर्ध्या तासावर आहे. चढ धरून.