पायाखालचा पत्रा

टँकरचं मागचं चाक जागच्या जागी फिरत राहिलं. कोरड्या तळ्याच्या पोटात खणलेली विहीर, तिच्याभोवती दिवसभर सांडणारं पाणी आणि खाली काळी माती. चिखलाचं लोणी झालं होतं.

"दाब ना रे," बाजूला बसलेले ओव्हरसियर व्यंकटराव म्हणाले.

"दाबला की बसंल, साहेब. घसरायली असताना जोर करायचा नसतो."

पंढरीनं पायाखालच्या पत्र्यावरचं जाड गोणपाट ओढून काढलं, खाली उतरला आणि ते चाकापुढं कोंबलं. परत चढल्यावर त्यानं चिखलानं भरलेल्या चपला काढून सीटमागं टाकल्या. ओली चप्पल पेडलवरून सटकते. फौजेत हे पहिल्याच दिवशी शिकवतात. त्यानं क्लच सावकाश सोडला. चाकानं गोणपाट धरलं, टँकर गचका देऊन वर आला. गोणपाट मागं चिखलात राहिलं. त्यासाठी थांबलं असतं तर गाडी पुन्हा बसली असती.

लातूर जिल्हा नवा झाला आणि पहिल्याच उन्हाळ्यात गावंच्या गावं टँकरवर आली. टँकर कुठून कुठून आले, ड्रायव्हर पुरेनात. अहमदपूरच्या बाजूला कोणाला ठेवायचं, हे व्यंकटराव ठरवणार होते आणि आज ते पंढरीची गाडी बघायला बसले होते.

पंढरीचा उजवा पाय लडाखमध्ये बर्फानं घोट्याखाली मेला होता. बोटं जागेवर होती, नखं वाढत होती. फक्त कळत काही नव्हतं. ब्रेक तो मांडीनं जोखायचा आणि ॲक्सिलेटर कानानं. ही गोष्ट घरी बायकोला ठाऊक होती. इथं कोणाला कळली असती, तर दुपारच्या आत टँकरवर दुसरा माणूस बसला असता.

तळ्याचा काठ ओलांडून उतार लागला. आधीच्या टँकरांनी तिथंही पाणी सांडलं होतं. भरलेली गाडी मागून आडवी व्हायला लागली. व्यंकटरावांनी दाराचा दांडा धरला.

"ब्रेक! अरे, ब्रेक मार!"

पंढरीनं दोन्ही पाय मागं घेतले. शेपूट जिकडं जात होतं, तिकडंच त्यानं स्टेअरिंग फिरवलं. टँकर तिरका, अगदी आवाज न करता, सरकत खाली आला आणि मुरमाच्या रस्त्यावर येऊन आपसूक सरळ झाला.

व्यंकटरावांनी डोळे उघडले. मग ते खो खो हसायला लागले.

"आयला, फौजी! झोक्यात बसल्यावानी झालं. परत घ्यायची का?"

"पाणी सांडंल, साहेब."

"बर्फावर असंच असतं का?"

"ह्येच्याहून लई मजा. तिथं चाकाला साखळ्या बांधायच्या. पर कोन्ही बघत नसलं की आमी एका सपाट जागी बिनसाखळ्याची घ्यायचो. गाडी गोल फिरती. रस्त्याचा आवाज न्हाई, टायराचा न्हाई. आपलं वजनच हाय का न्हाई, कळत न्हाई."

"आणि भीती?"

"ती मागून येती, साहेब. गाडी थांबल्यावर."

व्यंकटराव वाटभर विचारत राहिले आणि पंढरी सांगत राहिला. इतकं तो गेल्या कैक दिवसांत बोलला नव्हता. ऊन काचेतून मांडीवर येत होतं. खडी चढण होती, पायाशी इंजिन तापून घरघरत होतं.

"उद्या लातूरला चाललोय," गाव दिसल्यावर व्यंकटराव म्हणाले. "तुझं नाव देतो. दुसरा कोणी बघायला नको."

पंढरीनं गाडी गावाकडं वळवली.

गावात घागरींची रांग लागलेली होती. तो उडी मारून उतरला आणि मागं तोटी सोडायला गेला.

"आलं का विमान!" रांगेत पुढं उभी असलेली केवळाबाई म्हणाली. "आमी म्हणलं, पाहुणचार घेऊन राहिले काय कुठं."

"मावशे, गाडी रुतली व्हती."

"तुमची गाडी रुतायली, आमचा जीव..." ती बोलता बोलता थांबली. "आगं बया. ह्येचा पाय बघा."

व्यंकटराव दुसऱ्या बाजूनं वळून आले. तोटीपर्यंतच्या खड्यांवर ओले ठसे उमटले होते, सगळे एकाच पायाचे. पंढरीची टाच सोलून लाल झाली होती आणि त्याच टाचेवर सगळा भार देऊन तो पान्ह्यानं तोटी फिरवत होता.

व्यंकटराव केबिनकडं गेले. ॲक्सिलेटरजवळ पत्र्यावर कातडीचा पांढुरका तुकडा चिकटला होता. त्यांनी पत्र्याला बोट लावून बघितलं आणि "आई गं!" करून हात झटकला. बोट तोंडात घालून ते तसेच उभे राहिले, मग सावकाश मागं वळून पंढरीकडं बघू लागले.

पंढरीनं आधी त्यांच्याकडं बघितलं. मग खाली.

"आई गं!" तो ओरडला. त्यानं पाय उचलून दोन्ही हातांत धरला, एका पायावर नाचला, पुन्हा ओरडला. पाणी घागरीतून वर येऊन वाहायला लागलं, तरी केवळाबाईनं घागर हलवली नाही. व्यंकटरावही जागचे हलले नाहीत.

पंढरी ओरडत राहिला. एवढ्या भाजण्याला माणूस किती वेळ ओरडतो, ते त्याला आठवेना.