मृत्यूची हाडं

"शाळा बंद आहे, बाई," दरवान म्हणाला. "उन्हाळ्यात मढी टिकत नाहीत. चिरफाड बघायची तर ऑक्टोबरात या."

डॉर्कसच्या हातात नवऱ्याचा चष्मा होता. डॉक्टरकीच्या शाळेत सांगाडा रेखाटायला जातो, असं सांगून अँब्रोज सकाळी निघाला आणि चष्मा विसरला. मे महिन्यापासून तो हेच सांगत होता.

मग त्याच्या चित्रांतल्या मृत्यूची हाडं येतात कुठून?

मृत्यू आणि न्हावी. गिऱ्हाइकाच्या गळ्याला फेस, मृत्यूच्या हातात वस्तरा.

हे चित्र पिगटबाईंच्या चित्रांच्या दुकानाच्या काचेत लागलं तेव्हा हसणाऱ्यांच्या गर्दीत एक घोडागाडी अडकून पडली होती. अँब्रोज तांब्याच्या पत्र्यावर कोरायचा. छापून आलं की डॉर्कस रंगवायची. लाल नाक, हिरवा कोट. कुंचल्याचं टोक जिभेवर फिरवायचं, हिरव्यात बुडवायचं, की पुढचा कोट. दिवसाला साठ कोट.

घरी जाताना ती जिन्यात दोनदा बसली. उकाडा फार. शाल डाव्या खांद्यावरून घसरली. ती घसरायचीच, लहानपणी गाडीवरून पडून मोडलेलं हाड गाठ धरून जुळलं होतं.

मृत्यू आणि आचारी. मृत्यू रस्सा चाखतो: मीठ कमी.

"तुझ्या नवऱ्याला हे बेणं सापडलं कुठे गं?" पिगटबाईंनी परवा विचारलं होतं. "दर चित्रात आणखी वाळतंय. लोक म्हणतात, मृत्यूलाच कुणीतरी डॉक्टर दाखवा."

डॉर्कसही हसली होती.

आता हसू येत नव्हतं. पूर्वी कोरताना अँब्रोज तिच्याकडे तोंड करून बसायचा. मेपासून पाठ. पुढ्यात आरसा. छापताना चित्र उलटं होतं, म्हणून कोरणारे आरशात बघून कोरतात. सगळेच तसं करतात. पण आरशात तिच्या मागची खिडकी दिसत असणार, आणि खिडकीपलीकडे, गल्लीच्या त्या बाजूला, टोप्या शिवणारी लेटी.

दोन महिन्यांत त्याने मान वळवून तिच्याकडे धड पाहिलं नव्हतं.

तो आला. टेबलावर एक चिठ्ठी ठेवली. मार्गेटच्या गाडीतली जागा, उद्या सकाळची, एकाच माणसाची. बहिणीकडे जा म्हणाला, समुद्राची हवा घे, महिनाभर राहा.

"आणि कोट कोण रंगवणार? लेटी?"

"कोण लेटी?"

"शाळा बंद आहे, अँब्रोज."

त्याने तिच्या हातातला चष्मा घेऊन पुसला. मग म्हणाला, "कुंचला तोंडात घालू नकोस, तो हिरवा पोटात जातो. किती वेळा सांगायचं?" आणि पाव आणतो म्हणून खाली उतरला.

डॉर्कसने मनाशी ठरवलं. त्या आरशात लेटी दिसली, तर उद्याची गाडी पकडायची आणि परत यायचं नाही. सोळा वर्षं गेली तर गेली.

ती पहिल्यांदाच त्याच्या स्टुलावर बसली.

समोर नव्या चित्राचा पहिला ओला छाप पडला होता.

मृत्यू आणि चितारी. चितारी पाठमोरा. मृत्यू मागे निमूट बसलेला, मान खाली, काहीतरी काम करतोय. डाव्या खांद्याच्या हाडावर मधोमध एक गाठ.

शाल घसरली. तिने ती सावरली नाही.

आरसा त्याने लावून ठेवलेल्या कोनातच होता. तिने वर पाहिलं.

त्यात खिडकी नव्हती. लेटी नव्हती. काचेच्या बरोबर मधोमध, तिळभरही इकडेतिकडे न सरकता, डॉर्कसची खुर्ची होती. रिकामी.