मागचे पाटे

निवृत्त ड्रायव्हरने आपलीच जुनी ॲम्ब्युलन्स भंगारातून सोडवून आणली होती. महिन्यात तिसऱ्यांदा ती गॅरेजात आली.

"मागून उचललेलीच राहते रे. खड्ड्यात नुसती उडते."

"काका, स्प्रिंगचे पाटे ठणठणीत आहेत," मिस्त्री म्हणाला. "पेशंट, स्ट्रेचर, सिस्टर, एवढ्या वजनासाठी बनवलेत ते. रिकामी गाडी उडणारच."

"तू मागे बसून तर बघ."

मिस्त्री बसला. गाडी तशीच उडत होती, पण काका आता तक्रार करत नव्हते. वळणावर सवयीने, मागे न बघता ते म्हणाले, "आलंच हं हॉस्पिटल. डोळे मिटायचे नाहीत. बोलत राहा माझ्याशी."

हॉस्पिटल केव्हाच मागे पडलं होतं. मिस्त्री आपल्या घरच्या गोष्टी सांगत राहिला.